नव्या लेआउटमध्ये दर पावसात तोच कोपरा तुंबतो: बिघाड शोधायचा कुठे?

तक्रार बहुतेक वेळा अशीच येते: "जोराची सर आली की आमच्या कोपऱ्यावर घोटाभर पाणी. लाइन साफ करून घेतली, जाळी बदलली, तरी पुढच्या पावसाला तेच." लेआउट नवा असतो, डांबर अजून काळंभोर असतं, मंजूर नकाशावर पावसाळी लाइन ठळक रेषेनं दाखवलेली असते. मग कुणीतरी म्हणतं, पाइप लहान पडतोय, मोठा टाका. सगळ्यांना ते लगेच पटतं, कारण समजायला सोपं असतं.

बरीच वर्षं मी चेंबरांची झाकणं उघडत फिरतोय. पाइप खरोखर लहान आहे म्हणूनच पाणी साचतंय, असं फार थोड्या ठिकाणी सापडलं. पाणी साचतं ती जागा फक्त सगळ्यात सखल असते. खोट तिथून दोन-तीन चेंबरं पुढे निघते, नाल्याच्या तोंडाशी निघते, नाहीतर लेआउटच्या हद्दीबाहेर वरच्या अंगाला. म्हणून खोदकाम ठरवण्याआधी पुढे दिलेल्या क्रमानं शोध घ्या. सुरुवातीला छत्री, बॅटरी, टेप आणि सोबतीला एक माणूस एवढं पुरतं.

"पाऊसच तेवढा झाला" हे उत्तर कधी मानायचं, ते आधी ठरवू. पावसाळी लाइन साधारण दोन ते दहा वर्षांतून एकदा येणाऱ्या सरीसाठी आखतात. पाच वर्षांतून एकदा म्हणजे दर पाच वर्षांनी नेमानं येणारी सर नव्हे. कुठल्याही एका वर्षी तशी सर येण्याची शक्यता २० टक्के, एवढाच त्याचा अर्थ. कोपरा एकदा तुंबला तर पावसाकडे बोट दाखवता येईल. पण एकाच हंगामात तीनदा तुंबला, आणि तेही कुणाच्या लक्षात न राहिलेल्या सरींना, तर पावसाला सोडून द्या. खात्री करायची असेल तर सपाट बुडाचा, सरळ बाजूंचा डबा मोकळ्या गच्चीवर ठेवा आणि दर दहा मिनिटांनी आतलं पाणी पट्टीनं मोजा. दहा मिनिटांत १० मिलिमीटर म्हणजे तासाला ६० मिलिमीटरचा वेग. दिवसभराच्या एकूण पावसाचा आकडा इथे कामाचा नाही. छोट्या लेआउटची परीक्षा दहा-पंधरा मिनिटांची सर घेते.

पावसात उभं राहून बघा

कोरड्या दिवशी केलेली पाहणी दिसायला नीटनेटकी असते आणि हाती काही लागत नाही. ज्या सरीत कोपरा भरतो त्याच सरीत तिथे उभं राहावं लागतं. पाऊस यायच्या आधी कोपऱ्याजवळचं चेंबर आणि त्याच्या पुढची तीन-चार चेंबरं हेरून ठेवा. त्यांची झाकणं उचलता येतात का ते पाहा. नव्या लेआउटमध्ये अर्धी झाकणं डांबराखाली गेलेली असतात, आणि एखादं चेंबर नकाशात असतं पण जमिनीवर सापडत नाही. तेवढ्यावरूनही बरंच कळतं.

सावधगिरीचं एकदाच सांगतो. चेंबरमध्ये उतरायचं नाही, पावसाळी लाइनचं असलं तरी नाही. आत प्राणवायू कमी असू शकतो आणि विषारी वायूही असू शकतो. पाण्याखाली गेलेलं झाकण उघडायचं नाही. उघडलेल्या झाकणाशी एक माणूस उभाच हवा.

कोपरा भरला की चेंबरमध्ये बॅटरी मारा आणि पाणी काठापासून किती खाली आहे ते टेपनं मोजा. पुढच्या चेंबरला जा, तेच करा. दर पाच मिनिटांनी मोबाइलवर फोटो घ्या, त्यात वेळ आपोआप नोंदली जाते. पाऊस थांबल्यावर घरी पळू नका, पाणी ओसरायला किती वेळ लागतो तो आकडा सोन्यासारखा आहे. दहा-पंधरा मिनिटांत ओसरलं तर रस्ता उघडा आहे, फक्त पाणी आत जायला जागा कमी पडते. तासन् तास हळूहळू उतरत राहिलं तर पुढे कुठेतरी अडथळा आहे किंवा नाला भरलेला आहे. दुसऱ्या दिवशी उन्हानं वाळेपर्यंत डबकं तसंच राहिलं तर तिथल्या सगळ्यात खोल जागी जाळीच नाही. तो प्रश्न रस्त्याच्या लेव्हलचा, लाइनचा नाही.

या मोजमापातून तीनपैकी एक चित्र समोर येतं.

रस्ता भरलेला, चेंबर जवळपास रिकामं

हे चित्र सगळ्यात जास्त वेळा दिसतं आणि सगळ्यात स्वस्तात सुटतं. पाइपला पाणी हवंय, ते त्याच्यापर्यंत पोचत नाही.

जाळीची ताकद लोकांना वाटते त्यापेक्षा बरीच कमी असते. रस्त्याच्या कडेच्या कठड्याला (कर्बला) लागून बसवलेली ६० बाय ४५ सेंटिमीटरची जाळी घ्या. तिच्यावर पाच सेंटिमीटर पाणी उभं असेल तर ती तीन बाजूंनी मिळून सेकंदाला जेमतेम २८ लिटर आत घेते. पानं, पिशव्या आणि माती यांनी अर्धी झाकली की १४. म्हणूनच सखल जागेतली जाळी निम्मी बंद आहे असं धरूनच हिशेब करायचा असतो. आता त्या जाळीखालचा ४५० मिलिमीटरचा पाइप १:२०० उतारावर (म्हणजे दर २०० मीटरला एक मीटर उतरण) सेकंदाला सुमारे २०० लिटर वाहून नेऊ शकतो. कोपऱ्यावर जाळ्या दोन. म्हणजे पाइप २०० लिटरचा आणि त्याचं तोंड २८ ते ५६ लिटरचं. तिथे ६०० चा पाइप टाकला तरी तोंड तेवढंच राहणार.

जाळी योग्य जागी आहे का ते बघायला कोरड्या दिवशी एक बादली पाणी लागतं. जाळीपासून हातभर अंतरावर सावकाश ओता आणि खाली बसून बघा. एका ठिकाणी मी असं पाणी ओतलं. ते जाळीच्या दिशेनं निघालं, तिच्या काठाशी वळलं, आणि वीतभर पलीकडे गाड्यांच्या चाकांनी दाबलेल्या पट्ट्यात जाऊन थांबलं. जाळी आजूबाजूच्या डांबरापेक्षा बोटभर उंच बसली होती. जाळीच्या चौकटीचं काँक्रीट आधी झालं होतं, डांबर नंतर आलं आणि रोलरखाली दबलं. ती जाळी नवीकोरी होती आणि तिच्यात थेंबही जात नव्हता.

उलटही घडतं. रस्त्यावर डांबराचा नवा थर चढला की कठड्याची उंची तेवढी कमी होते. पंधरा सेंटिमीटरच्या कठड्यावर पाच-पाच सेंटिमीटरचे दोन थर आले, आधीचं खरवडलं नाही, तर उरला पाच सेंटिमीटरचा कठडा. पाणी जाळीपर्यंत पोचायच्या आधीच कुणाच्यातरी फाटकातून आत शिरतं. फाटकापुढचे रॅम्पही बघा. गटारावर रॅम्प टाकताना खाली चार इंची पाइप ठेवला की घरमालकाचं समाधान होतं. वरच्या बाजूला मात्र पूर्ण गटार त्या चार इंचांवर येऊन थांबतं.

इलाज: जाळी खाली बसवणं, सखल जागी एकाऐवजी तीन जाळ्या करणं, त्यांतल्या दोन वरच्या अंगाला थोड्या अंतरावर, म्हणजे मधली बंद पडली तरी पाणी आधीच कमी झालेलं असतं. कठड्यात उभं तोंड ठेवलेलं असेल तर पानांनी जाळी झाकली तरी ते चालू राहतं. लांब उताराच्या रस्त्यावर वरच्या टप्प्यात जाळ्याच नसतील तर सगळं पाणी तळाच्या जाळीवर येतं, आणि तिथे कितीही जाळ्या लावा, कमीच पडणार. वर लावा.

कोपऱ्यावरचं चेंबर काठोकाठ, पुढचं कोरडं

हे चित्र दिसलं तर आनंद माना. अडथळा त्या दोन चेंबरांच्या मधेच आहे. पुढे-पुढे जात राहा. ज्या जोडीत एक भरलेलं आणि पुढचं रिकामं, तिथे थांबा.

अडथळा म्हणजे कचरा, असं गृहीत धरू नका. नव्या लेआउटमध्ये बांधकामाचाच माल जास्त सापडतो. रेती, विटांचे तुकडे, शटरिंगची फळी, सिमेंटची रिकामी पोती. मिक्सर धुतलेलं पाणी जाळीत सोडलेलं असेल तर त्यातलं सिमेंट पाइपच्या तळाशी बसून दगड होतं. वरून बॅटरी मारली तर ते पाइपचा तळच वाटतं, इतकं गुळगुळीत. सळई आपटून बघा. गाळ असेल तर मऊ लागतं, सिमेंट असेल तर हाताला झिणझिण्या येतात. असा थर पाण्याच्या फवाऱ्यानं निघत नाही, तो कापावा लागतो.

माझ्या लक्षात राहिलेली एक केस. साठेक प्लॉटचा लेआउट, कोपरा तीन वर्षं तुंबत होता. कोपऱ्यापासून पहिल्या दोन चेंबरांमधला पाइप उखडून मोठा टाकून झाला होता. पैसे गेले, पाणी तसंच. पावसात मोजलं तेव्हा पहिली तीन चेंबरं भरलेली आणि चौथ्यात तळाला जेमतेम ओल. तिसऱ्यातून कॅमेरा सोडला. अकरा मीटरवर पडद्यावर विटांची भिंत दिसली. चक्क बांधलेली भिंत, सांधे भरलेली, फक्त वरच्या कोपऱ्यातली एक वीट निखळलेली. लाइनची पाण्यानं चाचणी घेताना कंत्राटदारानं पाइप बंद करायला ती बांधली होती आणि चाचणी झाल्यावर फोडायची राहिली. तीन वर्षं सगळ्या रस्त्याचं पाणी त्या एका विटेच्या भोकातून जात होतं. दोन मजूर, एक दिवस, काम संपलं. नव्यानं टाकलेला मोठा पाइप अजून तिथेच आहे, उगाच.

कॅमेरा मिळणार नसेल तर दोन्ही चेंबरांतून आरसा आणि बॅटरी वापरून बघा. एका टोकाला प्रकाश, दुसऱ्या टोकाला आरसा. पूर्ण गोल उजेड दिसला तर पाइप सरळ आणि मोकळा. चंद्रकोर दिसली तर मधे पाइप बसलाय किंवा गाळ आहे. काहीच दिसलं नाही तर अडथळा, किंवा पाइप मधेच वळवलेला, आणि दोन चेंबरांमधे वळण असणं हाच दोष आहे.

सगळीच चेंबरं भरलेली

आता थेट नाल्याच्या तोंडाशी जा. तिथला पाइप पाण्याखाली बुडालेला असेल तर पाइपचा उतार हा मुद्दाच उरत नाही. पाणी वाहतं ते वरच्या आणि खालच्या पाण्याच्या पातळीतल्या फरकानं.

आकड्यांत बघू. कोपऱ्यावरच्या रस्त्याची पातळी १००.०० मीटर धरा. तिथून नाल्यापर्यंत १२० मीटर लांब, ४५० मिलिमीटरचा पाइप. नाल्याचं पाणी ९९.४० वर असेल तर फरक ६० सेंटिमीटर, म्हणजे १:२००. चेंबरातले किरकोळ तोटे सोडले तर पाइप सेकंदाला २०० लिटर नेतो. त्याच सरीत नाला ४५ सेंटिमीटरनं चढून ९९.८५ वर आला की फरक उरला १५ सेंटिमीटर, म्हणजे १:८००. पाइप तोच, साफ, न फुटलेला, आणि आता सेकंदाला १०० लिटरच नेणार. नाला १००.०० ला पोचला की पाइप थांबला. त्याच्या वर गेला तर नाल्याचं पाणी जाळीतून रस्त्यावर येणार. जाळीतून पाणी वर उसळताना बघितलंय, असं रहिवासी सांगतात तेव्हा हेच झालेलं असतं.

इथे बऱ्याच आराखड्यांची गंमत उघडी पडते. पाइपचा हिशेब तोंड मोकळं आहे असं धरून केलेला असतो, आणि नाल्याची पूरपातळी कुणी विचारलेलीच नसते. आराखडा मागवून घ्या आणि त्यात नाल्याच्या पूरपातळीचा आकडा शोधा. सापडला नाही तर तुमचं निदान झालं.

तोंडाला झडप लावा, हा सल्ला हमखास मिळतो. उलटं येणारं पाणी झडप अडवते हे खरं. पण झडप बंद असताना लेआउटचं पाणीही आतच अडकतं. त्याला थांबायला जागा नसेल तर कोपरा नाल्याच्या पाण्याऐवजी स्वतःच्याच पाण्यानं भरेल. झडपेखाली एखादी फांदी अडकली तर ती ना धड उघडी, ना धड बंद. झडप हवी, पण तिच्या मागे साठवणही हवी. किंवा लाइनचं तोंड नाल्याच्या आणखी खालच्या टप्प्यात, जिथे पूरपातळी कमी आहे तिथे न्यावं.

उतार कागदावर आणि उतार जमिनीत

वरच्या तिन्हींपैकी काही ठाम जुळत नसेल तर लेव्हल घ्या. दोन चेंबरांमध्ये ३० मीटर अंतर असेल तर १:२०० म्हणजे एकूण उतरण १५ सेंटिमीटर. वीतभरही नाही. खोदाईत थोडा हलगर्जीपणा, पाइपखाली नीट न ठोकलेली भर, एवढ्यात ती वीत संपते.

लेव्हल मशीन नसलं तरी गवंड्याची पारदर्शक नळी चालते. नळीत पाणी भरा, हवेचे बुडबुडे काढा, दोन्ही चेंबरांच्या काठांतला फरक घ्या, मग प्रत्येक चेंबरचा तळ काठापासून टेपनं मोजा. एका ठिकाणचा हिशेब असा निघाला: वरच्या चेंबरचा तळ काठाखाली १.२० मीटर, खालच्याचा १.२५ मीटर. बघणारा म्हणाला, पाच सेंटिमीटर उतार आहे. पण नळीनं दाखवलं की खालच्या चेंबरचा काठच ४ सेंटिमीटर उंच आहे. खरा उतार १ सेंटिमीटर. ३० मीटरला १, म्हणजे १:३०००. पाइपची ताकद चौथाईवर आली. नुसती खोली मोजून समाधान मानणारे बरेच भेटतात, म्हणून हे सांगितलं.

कमी उताराचा दुसरा तोटा सावकाश दिसतो. पाणी सेकंदाला ०.६ मीटरपेक्षा हळू वाहू लागलं की रेती तळाशी बसते. म्हणून काही लाइनी दरवर्षी साफ कराव्या लागतात आणि शेजारच्या पाच वर्षं हात न लावता चालतात. दरवर्षी एकाच टप्प्यात गाळ सापडत असेल तर सफाईचं कंत्राट वाढवण्यापेक्षा त्या टप्प्याची लेव्हल घ्या.

तरीही पाइप लहान असेल तर

इथवर काही सापडलं नाही तरच हिशेबाकडे वळा. छोट्या क्षेत्रासाठी सूत्र साधं आहे: वाहून जाण्याचा गुणांक (पडलेल्या पावसाचा जमिनीवरून वाहून जाणारा हिस्सा) गुणिले पावसाचा वेग (मिलिमीटर प्रति तास) गुणिले क्षेत्र (हेक्टर), भागिले ३६०. उत्तर घनमीटर प्रति सेकंद. कल्पना आयर्लंडच्या थॉमस मल्वनी यांनी १८५१ मध्ये मांडली. एमिल कुइचलिंग यांनी १८८९ मध्ये अमेरिकेतल्या रॉचेस्टर शहराच्या गटारांसाठी ती वापरात आणली. पाइपची ताकद काढायचं रॉबर्ट मॅनिंग यांचं सूत्रही त्याच वर्षीचं. सव्वाशे वर्षांहून जुनी ही दोन सूत्रं अजून रोज वापरात आहेत, आणि चुका सूत्रांत नसतात, त्यांत घातलेल्या आकड्यांत असतात.

समजा लाइनवर १.२ हेक्टरचं पाणी उतरतं, गुणांक ०.७, सरीचा वेग तासाला ८० मिलिमीटर. उत्तर सेकंदाला १८७ लिटर. ४५० चा पाइप १:२०० वर पुरतो. आता हाच गुणांक तपासा. आराखड्यात प्रत्येक प्लॉटभोवती माती आणि बाग धरलेली असते. राहायला आल्यावर लोक अंगणात फरशी घालतात, पार्किंगला काँक्रीट करतात. गुणांक ०.८५ झाला की १८७ चे २२७ होतात आणि पाइप कमी पडतो. कुणी एकानं केलेली चूक नसते ती.

दुसरा दगा बाहेरच्या पाण्याचा. हद्दीच्या वरच्या अंगाला एक हेक्टर मोकळं रान असेल आणि त्याचं पाणी कुंपणाखालून आत येत असेल, तर गुणांक ०.३ धरला तरी त्याच सरीत आणखी ६७ लिटर आले. आराखडा हद्दीपाशी थांबतो, पाणी थांबत नाही. जुना ओहोळ बुजवून त्यावर प्लॉट पाडलेले असतील तर हे जवळपास ठरलेलंच. जुना नकाशा किंवा उपग्रहाचं जुनं चित्र मिळालं तर तुंबणारा कोपरा आणि बुजलेला ओहोळ एकावर एक ठेवून बघा. इलाज पाइप मोठा करणं नव्हे. वरच्या हद्दीला चर खणून ते पाणी लेआउटच्या बाहेरून वळवायचं.

पाइप बदलायची वेळ आलीच तर एक लक्षात घ्या. व्यास दुप्पट केला की त्याच उतारावर ताकद सहापटीहून जास्त वाढते. त्यामुळे बहुधा एक माप वर जाणं पुरतं. पण खालचा पाइप वरच्यापेक्षा लहान कधीच नको, हिशेबात बसत असला तरी नको. वरून आलेली फांदी अडकते ती तिथेच.

साठवण तळं आहे, तरी खालच्यांच्या तक्रारी

नव्या लेआउटला बहुतेक ठिकाणी एक अट असते: बांधकामानंतर हद्दीबाहेर जाणारं पाणी आधीच्या वेगापेक्षा जास्त नको. अट रास्त आहे. चार हेक्टर रान, गुणांक ०.३, पाणी गोळा व्हायला अर्धा तास, त्या अवधीच्या सरीचा वेग ५० मिलिमीटर असं धरलं तर सेकंदाला १६७ लिटर. तिथे घरं आणि रस्ते झाले की गुणांक ०.७, पाणी बारा मिनिटांत गोळा होतं, त्या अवधीच्या सरीचा वेग ८०, आणि ६२२ लिटर. पावणेचारपट. मधला फरक अडवायला तळं.

तळ्याचा आकार काढताना घोळ होतो तो सरीच्या अवधीत. पाइपसाठी बारा मिनिटांची सर सगळ्यात वाईट, म्हणून तळ्यासाठीही तीच घेतात. याच उदाहरणात बारा मिनिटांच्या सरीला सुमारे ३३० घनमीटर साठवण निघते, आणि अर्ध्या तासाच्या, वेगानं मंद सरीला सुमारे ४९०. तळं आकारमानानं भरतं, त्यामुळे लांबलेली सर त्याला जड जाते. दोन-तीन अवधी घेऊन सगळ्यात मोठी साठवण धरायची.

जागेवर बघायचं ते तळ्याच्या बाहेर पडण्याच्या वाटेवर. सेकंदाला १६७ लिटर सोडायला सव्वा मीटर पाण्याखाली जेमतेम २७ सेंटिमीटर व्यासाचं भोक पुरतं. ज्या पत्र्याला ते भोक असतं तो पत्रा कुणीतरी काढून टाकलेला असतो, कारण तळ्यात पाणी थांबतंय अशी तक्रार आली होती. पाणी थांबावं म्हणूनच ते तळं होतं! पत्रा जागेवर असेल तर भोकात बाटली किंवा पानांचा लगदा अडकलेला असतो. पुढे फुट-दीड फुटावर उभ्या गजांची चौकट लावली तर हा त्रास बराच कमी होतो.

आणि गाळ. प्लॉट उघडे असताना, पायाभरणी चालू असताना जी माती वाहते ती पुढच्या कित्येक वर्षांत मिळून वाहत नाही. ५०० घनमीटरच्या तळ्याचा तळ ४०० चौरस मीटर असेल तर ३० सेंटिमीटर गाळ म्हणजे १२० घनमीटर गेले, जवळपास चौथाई तळं. शेवटचं घर पूर्ण झालं की तळं एकदा उपसायलाच हवं, आणि ते कुणी करायचं हे ताबा देताना लिहून घेतलेलं असावं.

आणखी काही खुणा, थोडक्यात

पावसात सांडपाण्याचं चेंबर उसळतंय: गच्चीचे पाइप मैलापाण्याच्या लाइनला जोडलेले आहेत. एकेका घराच्या गच्चीवर रंगीत पाणी ओता आणि कुठल्या चेंबरात रंग येतो ते बघा.

पाऊस थांबून चार दिवस झाले तरी पावसाळी लाइनमध्ये स्वच्छ पाण्याची धार: भूजल सांध्यांतून आत शिरतंय. गढूळ धार जास्त गंभीर, कारण पाण्याबरोबर पाइपभोवतीची माती आत येतेय.

लाइनच्या डोक्यावर रस्त्याला बशीएवढा खड्डा, भरला की पुन्हा पडतो: वरचंच दुखणं, पुढच्या पायरीवरचं. पुन्हा खडी टाकू नका. बॅरिकेड लावून वाहतूक वळवा आणि आत कॅमेरा सोडा.

शोषखड्डा भरून वाहतोय: चिकण मातीत त्याच्याकडून अपेक्षाच चूक. भरलेला खड्डा चोवीस तासांत निम्मा तरी रिकामा व्हायला हवा. होत नसेल तर तो पुढच्या सरीला आधीच भरलेला असतो.

घरात पाणी शिरतं पण रस्ता तुंबत नाही: रस्त्यापेक्षा जोतं खाली आहे, किंवा शेजाऱ्यानं भर घालून आपला प्लॉट वर घेतलाय. पावसाळी लाइन यात काही करू शकत नाही.

लाइन पुरणार नाही त्या दिवसासाठी

वर सांगितलेलं सगळं ठीक केलं तरी लाइन पाच किंवा दहा वर्षांच्या सरीचीच राहते. त्यापेक्षा मोठी सर येणार. शंभर वर्षांतून एकदाची म्हणतात ती सर तीस वर्षांच्या मुदतीत निदान एकदा येण्याची शक्यता २६ टक्के आहे. त्या दिवशी उरलेलं पाणी रस्त्यावरून कुठे जाणार, ही वाट आराखड्यात असते किंवा नसते. तुमच्या सखल कोपऱ्यावरून पुढे वाट आहे का ते पायी चालत बघा. दोन प्लॉटांमधली मोकळी पट्टी नकाशात असते, आणि जागेवर तिच्यावर भिंत उभी असते. कुणीतरी सुरक्षेसाठी बांधलेली. भिंतीच्या तळाशी रुंद झरोके ठेवले आणि पट्टीची पातळी कोपऱ्यापेक्षा खाली घेतली तरी पाणी घरात शिरण्याआधी बाहेर पडतं. कोपऱ्यावर कायम घोटाभर पाणी चढत असेल आणि बाकी सगळं ठाकठीक निघालं असेल, तर माझी पहिली शंका या पट्टीवर असते.

दुरुस्ती झाल्यावर पावसाची वाट बघू नका. वरच्या चेंबरात टँकर रिकामा करा, घड्याळ लावा, प्रत्येक चेंबरात पाणी कधी पोचलं आणि कुठवर चढलं ते लिहून ठेवा. टँकरचा प्रवाह सरीच्या मानानं किरकोळ असतो, त्यामुळे लाइनची पूर्ण ताकद यातून कळत नाही. पण बसलेला पाइप, उलटा उतार, विसरलेली भिंत हे सगळं उघडं पडतं. तो कागद आणि प्रत्यक्ष झालेल्या कामाच्या लेव्हली एकत्र ठेवा. पुढच्या हंगामात तोच कोपरा भरला, तर त्याच चेंबरांत त्याच टेपनं पुन्हा मोजायचं आहे.